ई-कचऱ्याची वाट : बाझल, न्हावाशेवा, कुर्ला

घातक कचऱ्याची देशोदेशी होणारी वाहतूक रोखण्यासाठी मार्च १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात करार झाला. दोनच महिन्यांनी, २६ मे रोजी, मुंबईच्या खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झाले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण श्रीमंत देशांनी टाकून दिलेले संगणक पुढे आपल्याकडे उतरले ते बंदरांमधूनच, आणि भारताने १९९२ मध्ये मान्य केलेला करार त्यांना अडवू शकला नाही. कागदावर ‘कचरा’ऐवजी ‘मिश्र धातू भंगार’ किंवा ‘देणगी’ लिहिले की माल सुटायचा.

मुंबईत या मालाला गिऱ्हाईक होते. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात जुनी रॅम, हार्ड डिस्क तपासून पुन्हा विकली जाते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण मोबाइल किंवा लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा ती वस्तू तयार होतानाच झालेला असतो. वस्तू दोन वर्षे जास्त चालली, तर तेवढी नवी बनवणे टळते.

जे विकले जात नाही ते कुर्ला, साकीनाक्याच्या गाळ्यांत जाते. तिथे मदरबोर्ड तापवून डाग (सोल्डर) वितळवतात आणि पकडीने चिपा उपटतात. सोन्यासाठी तेजाब, तांब्यासाठी वायरी जाळायच्या. वायरींवरच्या पीव्हीसीच्या धुरात डायॉक्सिन हे विषारी रसायन असते, जुन्या डागात शिसे. युरोपने नव्या उपकरणांतल्या शिशावर १ जुलै २००६ पासून बंधन घातले. आपल्याकडे ते १ मे २०१४ ला आले. मधल्या आठ वर्षांत विकलेला माल आता मोडीत निघतो, आणि तो फोडणाऱ्याच्या तोंडाला बहुधा साधा रुमाल असतो.

वस्तू वापरताना लागणाऱ्या विजेचाही फरक आहेच. १९१५ मध्ये मुंबईला खोपोलीच्या पाण्यावरची वीज मिळू लागली. नंतर ट्रॉम्बे, डहाणूचा औष्णिक भार वाढला. आज देशात सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, फ्रान्समध्ये ०.१ किलोहूनही कमी. त्यामुळे तिथे मांडलेला लॅपटॉपच्या कार्बनचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. युरोपात माणशी १७.६ किलो, आफ्रिकेत २.५. जगातल्या या कचऱ्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणात गेला तो जेमतेम २२.३ टक्के.

भारताचे पहिले ई-कचरा नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, सध्याचे १ एप्रिल २०२३ पासून. आता उत्पादकाने पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे घ्यायची असतात. उत्पादक, नूतनीकरण करणारे, पुनर्चक्रण करणारे यांची नोंदणी होते. पण आपल्या इमारतीखाली येऊन जुना मॉनिटर रोख पैसे मोजून उचलणाऱ्या भंगारवाल्यासाठी त्यात वेगळा वर्ग नाही. शहरातला बराचसा माल आजही पहिल्यांदा त्याच्याच हातात पडतो.