धोंडो (व्यक्तिनाम)

धोंडो हे मराठी पुरुषनाम आहे. धोंडा म्हणजे दगड आणि धोंड म्हणजे मोठा दगड, या शब्दांवरून ते आले. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात सर्व थरांत आढळणारे हे नाव आता नवजात मुलांना क्वचितच ठेवले जाते.

एखाद्या घरात मुले जन्मत, पण जगत नसत. देवी, घटसर्प, बाळंतघरातला धनुर्वात यांपुढे कोणाचेच काही चालत नसे. अशा घरात पुढचे मूल झाले की त्याला देवाचे किंवा आजोबांचे नाव न देता मुद्दाम हलके नाव देत. आईबापच ज्याला धोंडा म्हणतात त्याला कोणाची दृष्ट लागणार नाही आणि मृत्यूही असल्या कवडीमोल वस्तूला हात लावणार नाही, अशी ही समजूत. दगडू, केरू किंवा केरबा, कचरू, भिकू किंवा भिकाजी ही नावे त्याच पंक्तीतली. गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांच्या नावातही हाच केर आहे. ही नावे ऐकून आज हसू येते, पण जे मूल सर्वांत जास्त हवे असे त्यालाच ती मिळत, हे विसरता कामा नये.

मुलींच्या ‘नकोशी’ किंवा ‘नकुशा’ या नावांशी धोंडोची गल्लत करणे म्हणूनच चुकीचे आहे. तिथला नकोसेपणा खरा होता, म्हणून तर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा शेकडो मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. धोंडोमधला नकोसेपणा मृत्यूला चकवण्यापुरता, वरवरचा आहे.

धोंडोचा अर्थ केवळ हलकेपणावर थांबवणेही अपुरे वाटते. दगड कवडीमोल असला तरी तो टिकतो. आश्वलायन गृह्यसूत्रातील जातकर्मात बाप नवजात मुलाला म्हणतो, ‘अश्मा भव, परशुर्भव’, म्हणजे दगड हो, कुऱ्हाड हो. पुढे अक्षय सोने होण्याचाही आशीर्वाद आहे. म्हणजे बाळाला दगड म्हणणे ही फार जुनी शुभेच्छा आहे. धोंडो हे नाव या मंत्रावरूनच आले असे म्हणण्याचे कारण नाही, पण भावना एकच. शिवाय गावोगावी शेंदूर फासलेला ओबडधोबड धोंडा म्हसोबा म्हणून पुजला जातो. ज्या समाजात धोंड्याला नवस बोलतात तिथे या नावात तुच्छता आणि श्रद्धा शेजारी-शेजारी नांदणे स्वाभाविक होते. भाषेत मात्र तुच्छताच अधिक उरली: ‘गळ्यात धोंड’, ‘पायावर धोंडा पाडून घेणे’. अधिक मासालाही बोलीत धोंड्याचा महिना म्हणतात.

मोरो, नारो, विठो यांच्याप्रमाणे धोंडो हे ओकारान्त रूप ब्राह्मण घरांत विशेष दिसते आणि आदराने त्याचे धोंडोपंत होते. धोंडिबा आणि धोंडिराम ही रूपे देशावर शेतकरी व धनगर कुटुंबांत रुळली. धोंडू सगळीकडचे, तर धोंड्या हे सलगीचे किंवा रागाचे. स्त्रियांमध्ये धोंडाबाई, धोंडूबाई अशी नावे आढळतात. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (1927–2014) यांच्यामुळे हे नाव संगीतरसिकांच्या ओठी राहिले. पाऊस ओढ देतो तेव्हा अंगाभोवती कडुलिंबाचा पाला गुंडाळून दारोदार पाणी मागत फिरणाऱ्या ‘धोंडी’चे नाव उच्चाराने सारखे असले तरी ते व्यक्तिनाम नव्हे.

धुंडिराज हे वेगळे नाव. ते काशीतल्या ढुंढिराज गणपतीचे असून संस्कृतातील ढुंढ्, म्हणजे शोधणे, या धातूशी जोडले जाते. बोलण्यात त्याचेही धोंडिराज होते आणि दोन्ही नावांची सरमिसळ होते. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके (1870–1944) यांचे नाव धुंडिराज, धोंडो नव्हे.

या नावाची सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे स्त्रीशिक्षणाचे अध्वर्यू महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म 1858 चा. 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापले, 1958 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि 1962 मध्ये वयाच्या एकशे पाचव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मूल जगावे म्हणून ठेवल्या जाणाऱ्या नावाला इतके दीर्घायुष्य लाभावे, याचे मनापासून समाधान वाटते. 1857 च्या उठावातले नानासाहेब पेशवे हेही धोंडोपंतच. 1800 साली इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना मारला गेलेला धोंडजी वाघ हा या नावाचा दक्षिणेतला लढवय्या. कोकण-गोव्यात धोंड हे आडनावही आहे, समीक्षक म. वा. धोंड त्यामुळे परिचित.

मराठी वाचकाला हे नाव आज बहुधा वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरातच भेटते. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे हे महर्षींचेच पुत्र. ‘गोट्या’चे लेखक ना. धों. ताम्हनकर, कवी ना. धों. महानोर. इतर आद्याक्षरांवरून नाव ओळखणे अवघड जाते. ‘ना.’ म्हणजे नारायण की नामदेव हे सांगावे लागते. ‘धों.’ पाहिले की मात्र धोंडो हेच नाव ओठांवर येते.