पंखावरचा पॉलिश पेपर

महाबळेश्वरात दवबिंदू गोठल्याची बातमी आली की आपण मुंबईकर वेण्णा लेककडे पळतो. पहाटे गाडीच्या टपावर जमलेल्या त्या पांढऱ्या थरावर बोट फिरवून पाहा. दिसायला कापूस, पण हाताला सुताराच्या पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. गाडीचं त्याने काही बिघडत नाही. विमानाच्या पंखावर मात्र तेवढा थर जिवावर बेतू शकतो.

बर्फाच्या वजनाने विमान पडतं, असं अनेकांना वाटतं. खरा घात खरखरीतपणा करतो. पंखाच्या वरच्या अंगाला हवा चिकटून वाहते, तोवर पंख विमानाला उचलून धरतो. नाक वर केलं की उचल वाढते, पण साधारण 15 अंशांपुढे हवेला पंखाचं वळण धरवत नाही. ती सुटते आणि उचल ढासळते. हाच स्टॉल. इंजिनं पूर्ण जोरात चालू असतानाही तो होतो. पॉलिश पेपरइतका थर पुढच्या कडेवर आणि वरच्या अंगावर असला, तर उचल 30 टक्क्यांपर्यंत घटू शकते, आणि हवा बरीच आधी सुटते.

4 जानेवारी 2002, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. चॅलेंजर 604 हे बिझनेस जेट रात्रभर उघड्यावर उभं होतं. त्या सकाळी तिथल्या इतर विमानांवरचा बर्फ काढला गेला, याच्यावरचा राहिला. चाकं सुटताच डावा पंख कलला आणि विमान उलटून कोसळलं. पाचही जण गेले.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती धोक्याची सूचना. चॅलेंजरसारख्या जेटमध्ये स्टॉल जवळ आला की वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरतो. मग यंत्रणा स्वतःच तो पुढे ढकलते. पण ती हवेचा कोन मोजते, पंखावर काय साचलंय ते तिला कळत नाही. तिच्यातले आकडे स्वच्छ पंखाचे. बर्मिंगहॅमला पंखाने त्या आकड्याआधीच दगा दिला.

मुंबईहून रोज उडणाऱ्या एअरबस-बोइंगच्या पंखांना पुढच्या कडेला स्लॅट, म्हणजे सरकत्या पट्ट्या, असतात. टेकऑफच्या वेळी ते पुढे सरकून झुकतात आणि हवेला जास्त कोनापर्यंत धरून ठेवतात. चॅलेंजरसारख्या बऱ्याच बिझनेस जेटना ते नसतात. वजन वाचतं, बांधणी सुटसुटीत होते, पण सगळी भिस्त मग कडेच्या गुळगुळीतपणावर येते.

सांताक्रूझला पारा शून्याला कधी टेकत नाही; म्हणून मुंबईला बर्फाची भीती नाही असं मात्र नाही. जुलैच्या ढगांत साधारण 5 किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असतं, आणि तरीही तिथलं बरंचसं पाणी पातळच राहतं. फ्रीजरमधून काढलेल्या बाटलीतलं पाणी कधी पातळ दिसतं, आणि ओट्यावर ठेवताना धक्का बसला की डोळ्यांदेखत गोठतं. ढगात तो धक्का पंख देतो. म्हणून इंजिनातली गरम हवा पंखाच्या पुढच्या कडेतून खेळवतात. काही लहान जेटमध्ये कडेवरचा रबरी पट्टा फुगवून बर्फ फोडतात.

जमिनीवर रात्रीतून धरलेला थर मात्र उडण्याआधीच गरम ग्लायकॉल फवारून काढावा लागतो. कलिन्याहून उडालेलं जेट जानेवारीत श्रीनगरला रात्रभर उभं राहिलं, तर पहाटे बॅटरीच्या उजेडात ओला पंख आणि गोठलेला पंख सारखेच चमकतात. तेव्हा शिडी लावून वर चढायचं, हातमोजा काढायचा आणि पुढच्या कडेवरून उघडा तळवा फिरवायचा.