"हीच नोकरी का पाहिजे?" इंटरव्ह्यूला जाण्याआधी हे वाचा

आमच्याकडे इंटरव्ह्यूच्या तयारीला येणारी बहुतेक मुलंमुली कामाचा अभ्यास चांगला करून आलेली असतात. व्हर्निअरचा लीस्ट काउंट विचारा, टॅलीमधली जीएसटीची एन्ट्री विचारा, पटापट सांगतात, आणि मग आम्ही साधं विचारतो की बरं, ही नोकरी तुम्हाला का पाहिजे, की तिथंच सगळं अडतं. कुणी गप्प बसतं, कुणी यूट्यूबवर ऐकलेलं "आय वॉन्ट टू ग्रो विथ द कंपनी" म्हणून दाखवतं आणि पुढं काय बोलायचं ते सुचत नाही. हे पत्रक त्या एकाच प्रश्नासाठी काढलंय. सांगलीत विश्रामबागच्या ऑफिसात पहिल्या मीटिंगला यायच्या आधी निवांत वाचून या, म्हणजे मीटिंगचा सगळा वेळ तुमच्या स्वतःच्या उत्तरावर देता येईल.

समोरच्याला काय पाहिजे असतं

हा प्रश्न दर वेळी सरळ येत नाही. "आमच्याकडंच का आलात", "आधीचं का सोडताय", "पाच वर्षांनी कुठं असाल", "इंजिनिअर असून बँकेत कशाला", "उद्या दोन हजार जास्त मिळाले तर जाणार का", ही सगळी एकाच प्रश्नाची पोरं आहेत. विचारणाऱ्याच्या डोक्यात तीन शंका असतात. एक, इथं काम काय आहे हे ह्याला खरंच माहितीय का. दोन, ते काम रोज करून हा कंटाळणार नाही ना. आणि तीन, आम्ही शिकवून तयार केल्यावर टिकणार का. नवीन माणूस मशिनवर हात बसेपर्यंत सुपरवायझरचा वेळ जातो, थोडा माल रिजेक्ट होतो, आणि तोच माणूस हात बसल्यावर निघून गेला की सगळं परत पहिल्यापासून. म्हणून तो खोदून खोदून विचारतो, तुमच्याबद्दल त्याच्या मनात काही वाकडं असतं म्हणून नाही. तुमच्या उत्तरातून ह्या तीन शंका कमी झाल्या पाहिजेत, बास.

पुण्याचा प्रश्न

आपल्या भागात ह्याच्यावर जरा जास्त बोलायला पाहिजे. कुपवाड, मिरज, पलूस, कुठल्याही एमआयडीसीत छोट्या युनिटला गेलात तर बऱ्याचदा मालक स्वतःच समोर असतात, एचआर वगैरे वेगळं नसतं. त्यांनी पुण्याकडं चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत निघून गेलेली पोरं बघितलेली असतात. त्यामुळं "पुण्याला ट्राय केलं नाही का?" हा प्रश्न येणारच असं धरून चला.

इथं लोक दोन चुका करतात. पहिली, "छे छे, मला पुणे आवडतच नाही" असं खोटं ठोकून देतात आणि नोकरी डॉट कॉमवरच्या प्रोफाइलला प्रिफर्ड लोकेशनमध्ये पुणे, मुंबई, बेंगलोर असं टाकलेलं असतं, आणि ते प्रोफाइल मालकांच्या टेबलावर उघडंच असतं. तिथं उत्तर संपलं आणि विश्वासही गेला. म्हणून अप्लाय करण्याआधी प्रोफाइल उघडून बघा, काय काय टिक केलंय ते. आमच्याकडे पहिल्या मीटिंगला हे प्रोफाइल आम्ही तुमच्या शेजारी बसून उघडतो, आणि बहुतेकांना आपण तिथं काय भरलंय ते आठवतच नसतं.

दुसरी चूक म्हणजे "घराजवळ आहे म्हणून" एवढंच सांगून थांबणं. घराजवळ असणं हे चांगलं कारण आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, उलट सांगलीतल्या मालकाला ते ऐकून बरंच वाटतं, पण ते अर्धं उत्तर आहे. घर जवळ असल्याचा कामाला काय फायदा तेही बोला. "बुधगावला घर आहे, गाडीवरनं येऊन-जाऊन करता येतं, त्यामुळं सेकंड शिफ्ट किंवा महिनाअखेरीला थांबायला अडचण नाही" असं म्हटलं की जवळ राहण्याचा अर्थ त्यांना कळतो. आणि मग लगेच कामाचं कारण जोडायचं, कारण घराजवळ तर शंभर कंपन्या आहेत, ही का?

पुण्याला ट्राय केलेलं असेल तर तसं सांगा. "दोन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले होते, एक ऑफर आली पण रूम, मेस, जाणं-येणं धरून हातात काही राहत नव्हतं आणि काम पण फक्त पॅकिंग लाइनचं होतं, मला मशिनिंगमध्येच राहायचंय" ह्याच्यात खोटं काही नाही आणि ऐकणाऱ्याला पटतं पण.

जे उलट, इथनं पुण्याला इंटरव्ह्यूला जाणारेत त्यांना "सांगली सोडून राहणार का" असं विचारतात. तिथं कुठं राहणार, कुणाकडं राहणार, हे ठरवून जा. "बघू, होईल काहीतरी" म्हटलं की समोरचा पेन खाली ठेवतो.

एक उदाहरण जवळून

समजा तासगाव भागातल्या एका मुलीनं फूड टेक्नॉलॉजी केलंय आणि बेदाणा एक्सपोर्ट करणाऱ्या युनिटमध्ये क्वालिटी कंट्रोलला अप्लाय केलंय. पहिलं उत्तर हमखास असं येतं: "माझं फूड टेकमध्ये बीटेक झालंय आणि तुमची कंपनी नामांकित आहे म्हणून." चुकीचं काहीच नाही, पण हे उत्तर तिच्या वर्गातली कुणीही देऊ शकते.

मग आम्ही विचारतो, बेदाणा घरी कधी केलाय का? आणि तिथनं खरं बोलणं सुरू होतं. घरचं शेड आहे, द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीच्या रॅकवर टाकतात, साधारण पंधरवडाभर वाळवतात, आणि नेमका त्याच वेळी अवकाळी आला की माल काळा पडतो आणि सौद्यात भाव पडतो. हे तिनं लहानपणापासून बघितलंय. कॉलेजात मॉइश्चर आणि ब्राउनिंग शिकताना तिला घरचा काळा पडलेला माल आठवला. आता हेच उत्तर करायचं: "आमच्या घरी शेड आहे, एका पावसानं माल कसा खराब होतो ते मी बघितलंय, तो का होतो हे कॉलेजात कळलं, आणि तुमच्याकडं क्वालिटीत काम केलं तर माल आत येतानाच कुठला लॉट टिकेल आणि कुठला नाही हे ओळखायला शिकता येईल, ते मला करायचंय." अर्ध्या मिनिटाचं उत्तर आहे हे, पण ह्याच्यात तिला काम माहितीय, कामाबद्दल आस्था आहे, आणि ती इथलीच आहे, तिन्ही शंका एकदमच मिटल्या. आणि पाठ करायची गरज नाही, कारण तिचंच आहे ते.

तुमच्याकडं शेड नसेल, ठीक आहे. वडिलांची रिक्षा असेल, मामाचं गॅरेज असेल, कॉलेजात केलेला प्रोजेक्ट असेल, हॉस्पिटलात आजीपाशी काढलेल्या रात्री असतील आणि त्यातनं नर्सिंगला यावंसं वाटलं असेल. काहीतरी असतंच, फक्त ते "इंटरव्ह्यूत सांगण्यासारखं" आहे असं तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. ते शोधून काढणं हे आमचं मुख्य काम आहे, बाकी टाय कशी बांधायची ते कुणीही शिकवेल.

कंपनीबद्दल किती माहिती काढायची

"नामांकित" हा शब्द शक्यतो वापरू नका. किर्लोस्करवाडीला जाताय म्हणून 1910 साली गाव वसवलं, लोखंडी नांगर बनवला, हा इतिहास त्यांना म्हणून दाखवायची गरज नाही, तो त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहितीय. पंप कंपनीला जात असाल तर आज ते कुठले पंप बनवतात, कुणाला विकतात, तुमची पोस्ट कुठल्या डिपार्टमेंटला आहे, जाहिरातीत लिहिलेल्या कामातलं तुम्ही आधी काय केलंय, एवढं काढा. भिलवडीच्या डेअरीला जात असाल तर दूध येतं कुठनं आणि लॅबमध्ये काय तपासतात एवढं तरी माहिती असू दे. कंपनीची वेबसाइट बघा, आणि ते जमलं की एकदा शिफ्ट सुटायच्या वेळेला गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर उभे राहा, तिथं काम करणारी माणसं जे सांगतात ते कुठल्याच वेबसाइटवर नसतं.

पगार

पैशासाठी नोकरी करतो हे समोरच्यालाही माहितीय, तोही त्याच्यासाठीच करतोय. फक्त पहिलं कारण म्हणून सांगू नका. थेट विचारलं तर थेट सांगा: "पगार महत्त्वाचा आहेच, पण त्याच्याआधी काम काय शिकायला मिळेल ते बघतोय." घरच्या कर्जाची, आजारपणाची लांबड लावू नका, तुमची अडचण खरी असते पण त्याच्यावर नोकरी मिळत नाही आणि बोलताना तुमचाच आवाज पडतो. आकडा ठरताना सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) किती आणि हातात किती हे मात्र विचारून घ्या, कारण सीटीसीमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफ पण धरलेला असतो.

आधीचं का सोडलं, गॅप का आहे

जुन्या साहेबाबद्दल वाईट बोलायचं नाही, कितीही मनात असलं तरी. दोन वाक्यात संपवा आणि नव्या कामावर या.

गॅपमध्ये आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात ती एमपीएससी करून परत आलेली मुलं. काही वर्षं सदाशिव पेठेत अभ्यास, दोनदा मेन्स, मग घरी परत, आणि आता प्रायव्हेटला अप्लाय. ह्या मुलांना वाटतं की आपली वर्षं वाया गेली आणि ती लपवावी लागतील. लपवू नका. मालकाची शंका वेगळी असते: उद्या जाहिरात निघाली की हा सुट्टी मागणार आणि पुढं जाणार. त्याचं उत्तर तुम्हाला घरीच ठरवायचंय. परीक्षा बंद केली असेल तर स्पष्ट सांगा, "अभ्यास थांबवलाय, आता करिअर इकडंच करायचंय", आणि त्या अभ्यासातनं काय आलं ते सांगा, सलग बसून काम करायची सवय, ड्राफ्टिंग, आकडेवारी वाचता येणं. अजून देणार असाल तर तेही विचारल्यावर खरं सांगा, काही ठिकाणी चालतं. एक पाय इकडं एक तिकडं ठेवून बोललात की चेहऱ्यावर दिसतं, आणि त्याचा त्रास तुम्हालाच जास्त होतो.

बँक आणि सरकारी

सरकारी बँकांच्या आयबीपीएस भरतीत क्लार्कला इंटरव्ह्यू नाही. पीओला, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरला, आहे, 100 मार्कांचा, आणि फायनल मेरिटला मेन्स आणि इंटरव्ह्यू 80:20 धरतात. केंद्र सरकारच्या गट क आणि गट ब अराजपत्रित पदांचे इंटरव्ह्यू 1 जानेवारी 2016 पासून बंद झालेत, म्हणजे तिथं ही तयारी लागतच नाही, फी वाचवा. पीओच्या पॅनलला "जॉब सिक्युरिटी" हे एकच कारण सांगू नका. बीएस्सी अ‍ॅग्री झालेल्याला "शेती सोडून बँकेत का" असं विचारतातच. तुम्ही वडिलांसोबत पीककर्जाच्या रांगेत उभे राहिला असाल, किसान क्रेडिट कार्ड रिन्यू करायला कागद गोळा केले असतील, तर काउंटरच्या पलीकडची अडचण तुम्हाला माहितीय, ते सांगा. आणि बदली कुठंही होईल, मराठी नसलेल्या गावातही होईल, त्याला तयार आहात का, हे घरी बोलून मगच जा.

बोलायचं कसं

मराठीत बोललं तर चालेल का हे सुरुवातीलाच विचारा, इथल्या बऱ्याच युनिटला चालतं. इंग्लिशमध्ये द्यायचं असेल तरी उत्तर आधी मराठीत तयार करा, आपल्या शब्दात, मग इंग्लिश करा. मिनिटभरात संपवा. अख्खं उत्तर लिहून पाठ करू नका, एक शब्द विसरला की सगळं जातं. कागदावर तीनच शब्द लिहा आणि त्यांच्याभोवती बोला.

आमच्याबद्दल थोडं

आम्ही नोकरी देत नाही आणि गॅरंटीही देत नाही. आम्ही फक्त तयारीची फी घेतो, तीही पहिली मीटिंग झाल्यावर, तुम्हाला पटलं तर. इंटरव्ह्यूला बोलावण्यासाठी, ट्रेनिंगसाठी, युनिफॉर्मसाठी कुणी आधी डिपॉझिट मागितलं तर देऊ नका आणि आम्हाला तो मेसेज दाखवा.

येताना रिझ्युमेची प्रिंट, जिथं अप्लाय केलंय त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि नोकरीच्या साइटचा पासवर्ड लक्षात ठेवून या, बऱ्याच जणांचा अर्धा वेळ ओटीपीत जातो. मॉक इंटरव्ह्यू तुमच्याच मोबाइलवर रेकॉर्ड करतो, आमच्याकडे काही ठेवत नाही. वडील, भाऊ कुणी सोबत आले तरी चालतं, बाहेर बसायला जागा आहे, पण आत मात्र तुम्ही एकटेच या, घरच्यांसमोर खरं कारण बोलायला अवघड जातं.