कालव्याकाठची खुंटी आणि शेतातली कडेची ओळ

इंग्लंडमधल्या कालव्यांवर गळाने मासे धरण्याच्या स्पर्धा भरतात. सकाळी स्पर्धक पिशवीत हात घालून एक आकडा काढतात. काठावर ठरावीक अंतराने क्रमांक दिलेल्या जागा असतात. जागा दाखवायला खुंटी ठोकायची पद्धत, म्हणून त्या जागेलाच ‘पेग’ म्हणतात. जो आकडा निघेल, त्याच पेगवर बहुधा पाच तास बसायचं. शेवटी मासे तोलायचे आणि जिवंतच पाण्यात सोडायचे. पिशवीतून आकडा निघाला की जुन्या स्पर्धकाचा चेहरा खुलतो किंवा पडतो, आणि त्याला तसं सबळ कारण असतं.

वरून पाहिलं तर कालवा सगळीकडे सारखाच दिसतो. पाण्याखाली तो परातीसारखा असतो: दोन्ही कडांना उथळ, मधे बोटींच्या वाटेवर खोल. स्पर्धक ज्या काठावर बसतात, तिथून पूर्वी घोडे बोटी ओढत चालायचे. म्हणून तो काठ मोकळा असतो. समोरच्या काठावर मात्र झुडपं पाण्यावर झुकलेली असतात, कुठे बोटी बांधून ठेवलेल्या असतात. रोच आणि पर्चसारख्या माशांना ती सावली म्हणजे पाइक या शिकारी माशापासून आडोसा. एका पेगसमोर असं झुडूप असतं आणि शेजारच्या पेगसमोर नुसती भिंत, एवढ्यानेच वजनात मोठा फरक पडतो.

बोटींचंही तसंच. अरुंद कालव्यात बोट पुढचं पाणी ढकलते. त्या पाण्याला मागे जायला बोटीच्या दोन्ही बाजूंची चिंचोळी जागाच उरते. तिथे प्रवाह वेगाने उलटा वाहतो, कडेची पातळी क्षणभर खाली जाते, तळाचा गाळ उठतो आणि टाकलेला चारा विखुरतो. बोटी वळवण्यासाठी जिथे कालवा रुंद केलेला असतो, तिथे पाण्याला पसरायला जागा मिळते आणि हा धक्का सौम्य होतो. हिवाळ्यात पाणी गार आणि नितळ झालं की मासे अशाच मोजक्या ठिकाणी दाटीने थांबतात. तेव्हा दोन पेगमधली तफावत उन्हाळ्यापेक्षा खूपच जास्त असते.

मला सर्वांत विचार करायला लावतो तो शेवटचा पेग. मधल्या माणसाच्या दोन्ही बाजूंना स्पर्धक, टोकाच्या माणसाच्या एका बाजूला मोकळं पाणी. माशांच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातली बारीक हालचाल टिपते. गळाला लागलेल्या माशाची धडपड जाणवली की थवा शांत पाण्याकडे सरकतो, आणि ते पाणी टोकाला असतं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. बांधालगतच्या ओळीला ऊन आणि मोकळी जमीन जास्त मिळते, म्हणून ती मधल्या ओळींपेक्षा जास्त भरते. पिकांच्या चाचण्यांत कडेच्या ओळी मोजणीतून वगळतात, त्या याचसाठी.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आले, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता: जास्त पीक आलं ते खतामुळे, की तो तुकडाच सुपीक होता? त्यांनी शेताचे गट पाडले. एका गटातली जमीन शक्य तितकी सारखी ठेवायची, कोणतं खत कुठे पडेल ते चिठ्ठीने ठरवायचं आणि तुलना गटाच्या आतच करायची.

गळाच्या सांघिक स्पर्धांत नेमकं हेच करतात. गोड्या पाण्यातल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत काठाचे पाच विभाग पाडतात आणि प्रत्येक संघाचा एक जण प्रत्येक विभागात बसवतात. आपल्या विभागात कितवा आलात, तेवढेच गुण. एका विभागात आठ किलोवाला पहिला येईल, दुसऱ्यात दोन किलोवाला. गुण दोघांना सारखेच. वैयक्तिक विजेता दोन दिवसांच्या गुणांवरून ठरतो. तरीही विभागाच्या आत एखाद्याच पेगसमोर थवा थांबला असेल, तर त्यावर हा उपाय पुरत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या पुन्हा काढतात.