साडेअकरा मीटरची लाट, चार मीटरची गाडी

नाना पेठेपासून चिंचवडपर्यंत, कार ऑडिओच्या काउंटरवर एक सिद्धान्त फार ठामपणे सांगितला जातो. खालच्या बेसची लाट अकरा मीटरच्या वर, गाडी जेमतेम चार मीटर. लाट आत मावतच नाही, तर बेस येणार कुठून? तेव्हा वूफरसाठी, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी, मोठा, भोकवाला बॉक्सच घ्या.

गणित बरोबर आहे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला ३० हर्ट्झने भागलं की ११.४ मीटर येतात. चुकतो तो निष्कर्ष. कानाला अख्खी लाट लागत नाही, पडद्यावरचा दाब कमीजास्त झाला की पुरतं. हेडफोनमध्ये तर लाटेला दोन सेंटिमीटरही जागा नसते, तरी तबल्याचा डग्गा ऐकू येतोच.

उलट गाडी छोटी आणि बंद आहे, हाच तिचा फायदा. मोकळ्या मैदानात वूफरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा शंकूसारखा पडदा, पुढे आला की हवा बाजूला निसटते, आणि दाब ठरतो तो कोनच्या त्वरणावर. हालचाल तेवढीच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर त्वरण चौथ्या हिश्शावर येतं, म्हणजे १२ डेसिबलची घट. मिरवणुकीत वूफरची भिंत रचावी लागते ती याचमुळे. गाडीच्या आत मात्र हवेला पळायला वाट नाही. आतली लांबी २.७ मीटर धरली, तर साधारण ६३ हर्ट्झच्या खाली अर्धी लाटसुद्धा बसत नाही. तिथून खाली सगळी केबिन एकदमच दाबली जाते आणि सैल होते, सायकलच्या पंपातल्या हवेसारखी. आता दाब त्वरणावर नाही, कोन किती सरकला यावर ठरतो.

आकडे घालून पाहू. १२ इंची वूफरच्या कोनचं क्षेत्रफळ साधारण ४८० चौरस सेंटिमीटर. तो ७ मिलिमीटर पुढे आला की लिटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, ०.३४ लिटर हवा ढकलतो. हॅचबॅकची केबिन ३००० लिटरची धरा. वातावरणाचा दाब, गुणिले १.४, गुणिले या दोन आकारमानांचं गुणोत्तर: उत्तर साधारण १६ पास्कलचं शिखर, म्हणजे ११५ डेसिबल. आणि या हिशेबात वारंवारता कुठेच आली नाही! ४० असो वा २०, कोन तेवढाच हलला तर दाबही तेवढाच. प्रत्यक्षात दारांची रबरं, पातळ पत्रा, एसीच्या वाटा यांतून गळती होते आणि आकडा खाली येतो. एक काच उतरवली की बेस विरतो तो त्यामुळेच.

म्हणजे गाडी हीच दुसरी पेटी. पहिली निवडायची ती हिच्याकडे बघून.

बंद, म्हणजे सील्ड पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते. पेटीच्या स्वतःच्या अनुनादाखाली, म्हणजे वूफर पेटीत ज्या वारंवारतेवर आपसूक झुलतो तिच्याखाली, कोनची हालचाल जवळपास स्थिर राहते. मैदानात हा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, आणि केबिन आदर्श स्थितीत तेवढंच उचलून देते. उतार आणि चढ एकमेकांत जिरतात. भोकवाली, म्हणजे पोर्टेड पेटी भोकाच्या ट्यूनिंगखाली, म्हणजे भोकातली हवा ज्या वारंवारतेवर घुमते तिच्याखाली, दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळते. ट्यूनिंगच्या आसपास मात्र पोर्टचा जोर आणि केबिनचा जोर एकत्र येऊन टेकाड तयार होतं. प्रत्येक गाण्यात एकाच सुराचा दणका ऐकू येतो तो हाच. त्याहून वाईट म्हणजे ट्यूनिंगखाली कोनला मागे धरणारं कुणी उरत नाही. तो मोकाट हलतो, त्याला हलवणारी कॉइल ठोकर खाते. ३२ हर्ट्झच्या पेटीला ॲम्प्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारी चाळणी, २५-२८ वर लावायलाच हवा.

पोर्ट करायचाच असेल तर अंदाजे नको. ४० लिटरची पेटी, १० सेंटिमीटर आतल्या व्यासाचा पाइप आणि ३२ हर्ट्झ: लांबी साधारण ५० सेंटिमीटर. हाच पाइप २९ सेंटिमीटरवर कापला की ट्यूनिंग ४० वर जातं. साडेसात सेंटिमीटरचा पाइप घेतला तर ३२ हर्ट्झला २७ सेंटिमीटर पुरतात, मोह होतो; पण हवेचा वेग पावणेदोन पट वाढतो आणि बेसबरोबर फसफस ऐकू येते. पाइपने आत व्यापलेले चार-पाच लिटर हिशेबात धरायचे विसरू नका. बँडपास पेटी, म्हणजे वूफर आत कोंडून आवाज फक्त पोर्टमधून सोडणारी, ठोक्याच्या स्पर्धेसाठी ठीक. गाणी ऐकायला तिच्या वाटेला जाऊ नये.

सील्डचं गणित वूफरच्या कागदावरच असतं. समजा एफएस (वूफरचा मोकळा अनुनाद) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (तो अनुनाद किती टोकदार ते) ०.५, व्हीएएस (वूफरच्या स्प्रिंगइतकीच लवचीक हवा) ४० लिटर. व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा, आणि त्याने एफएस आणि क्यूटीएस दोन्हींना गुणा. ४० लिटरला १.४१ येतं: अनुनाद ४२ हर्ट्झ, क्यूटीसी (पेटीत बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.७१, सरळ आवाज. त्याच वूफरला २० लिटरमध्ये कोंबलं तर ५२ हर्ट्झ आणि ०.८७, थोडा फुगीर, पण डिकी वाचते. क्यूटीसी एकच्या वर गेला की बेस घुमायला लागतो. डब्यावरचं '१२०० वॉट मॅक्स' या हिशेबात कुठेच लागत नाही, म्हणून ते न वाचलेलंच बरं.

४० लिटरसाठी आतलं माप ५० × ३२ × २६.५ सेंटिमीटर ठेवा, येणाऱ्या ४२.४ लिटरमधले दोन-अडीच वूफरचं लोहचुंबक खातं. लाकूड १८ मिलिमीटरचं. एमडीएफ जड आणि सरळ कापलं जातं, पण पावसाळ्यात ओल्या डिकीत कडा फुगतात, म्हणून चांगलं वॉटरप्रूफ प्लाय बरं. सांध्याला फेव्हिकॉल, दर १०-१२ सेंटिमीटरला स्क्रू, आतून सिलिकॉन. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर तो पुरता जाईपर्यंत, निदान २४ तास, वूफर बसवू नका. ती वाफ त्याच्या भागांना मारक ठरू शकते.

मग ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि पेटलेली अगरबत्ती सांध्यांवरून फिरवा. (ओवाळायला नव्हे. नव्या वूफरची पूजा करायची तर खुशाल करा, बेसमध्ये फरक पडत नाही.) जिथे धूर आत-बाहेर हिसके खातो, तिथे गळती आहे. बहुतेक वेळा ती वायरच्या टर्मिनलपाशी किंवा वूफरच्या गॅस्केटखाली सापडते. मिटली की पेटी पट्ट्याने डिकीच्या हुकांना बांधा आणि ॲम्प्लिफायरचा लो-पास, म्हणजे वरचे सूर अडवणारा फिल्टर, ८० हर्ट्झला ठेवा. तरीही मागून खडखड आलीच, तर आधी नंबर प्लेट बोटाने दाबून बघा.