हृदयाची पुसलेली कड आणि सायटेशनचा हिशेब

छातीच्या एक्स-रेवर हृदयाची उजवी कड पुसट झालेली दिसली, की रेडिओलॉजीचा नवखा रेसिडेंटही, म्हणजे शिकाऊ डॉक्टरही, सांगतो, ‘न्यूमोनिया उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या खंडात असावा.’ समोरून काढलेल्या एका फिल्मवरून इतकं नेमकं ठिकाण कसं कळतं? हृदय आणि हवेनं भरलेलं फुफ्फुस क्ष-किरणांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, म्हणून दोघांच्या मधे रेघ उमटते. हृदयाला टेकलेल्या फुफ्फुसात हवेच्या जागी पू किंवा पाणी भरलं, की दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या होतात आणि रेघ हरवते. दुखणं मागच्या, खालच्या खंडात असेल तर हृदयाची कड शाबूत राहते आणि श्वासपटलाची जाते.

अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे बेंजामिन फेल्सन यांनी १९५० साली ही खूण ‘सिल्हूट साइन’ या नावानं मांडली. रेडिओलॉजी शिकवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव फार आदरानं घेतलं जातं. आज जगभरातले रेसिडेंट ही खूण वापरतात, पण रिपोर्टखाली फेल्सन यांच्या निबंधाचा दाखला कुणी देत नाही. द्यायची गरजही नसते. कल्पना सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडते की तिच्या मूळ लेखकाचा उल्लेखच थांबतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी विज्ञानातल्या या प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं. शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो हमखास घडतो आणि सायटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले दाखले, मोजताना नेमका हाच माणूस मागे पडतो.

मुळात सायटेशन मोजायची कल्पना माणसं तोलण्यासाठी निघालीच नव्हती. अमेरिकेतल्या वकिलांकडे एक सूची असे. एखादा जुना निकाल पुढे कोणकोणत्या खटल्यांत आधाराला घेतला गेला, ते तीत सापडे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानासाठीही अशीच सूची असावी असं सुचवलं आणि १९६०च्या दशकात ती प्रत्यक्षात आणली. एका निबंधाचा धागा धरून पुढचं संशोधन शोधायचं, हा तिचा मोठा उपयोग. नेमणुका आणि बढत्यांचे निर्णय तिच्या आकड्यांवर टेकू लागले ते नंतर.

२००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स आणला. संशोधकाच्या जितक्या पेपरना प्रत्येकी निदान तितकीच सायटेशन मिळाली, तो सर्वांत मोठा आकडा म्हणजे त्याचा एच-इंडेक्स. समजा, एखाद्या प्राध्यापकाच्या पाच पेपरना अनुक्रमे ५०, २०, ६, ४ आणि १ सायटेशन मिळाली आहेत. निदान चार सायटेशन मिळालेले चार पेपर आहेत, म्हणून त्यांचा एच-इंडेक्स ४. आता पहिल्या पेपरची सायटेशन ५० वरून ९०० वर गेली, तरी आकडा चारच! ज्याच्या हातून आयुष्यात एकच फार मोठी गोष्ट झाली, त्याला हे माप न्याय देत नाही.

त्यात रेडिओलॉजी शिक्षणाचं क्षेत्र लहान. कर्करोगावरच्या पेपरला दाखला देणारे हजारो संशोधक आहेत. रेसिडेंटना फिल्म वाचायला कसं शिकवावं, यावर लिहिणारे मोजके. वाचणारे पुष्कळ असतात, पण ते पेशंट तपासतात, शिकवतात, परीक्षा घेतात. पेपर लिहीत नाहीत. वाचणाऱ्यानं पुढे स्वतः काही लिहिलं, तरच सायटेशनची नोंद होते. म्हणून या क्षेत्रातल्या माणसाचा एच-इंडेक्स कर्करोग संशोधकाच्या शेजारी मांडणं मला सरळ अन्याय वाटतो. भारतातही वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी शोधनिबंध लागतात, तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारातला आहे.

आकडे कधी बोलतात, तेही पाहायला हवं. हॅरल्ड कुंडेल आणि कॅल्व्हिन नोडीन यांनी १९७५ मध्ये रेडिओलॉजिस्टना छातीच्या फिल्म जेमतेम ०.२ सेकंद दाखवल्या. डोळा फिल्मभर फिरवायलाही तेवढा वेळ पुरत नाही. तरी सुमारे ७० टक्के विकृती त्यांनी ओळखल्या. हवा तितका वेळ दिल्यावर हे प्रमाण ९७ टक्क्यांवर गेलं. म्हणजे तज्ज्ञ आधी अख्खं चित्र एका झटक्यात टिपतो आणि मग बारकावे धुंडाळतो. शिकवणाऱ्याला याहून मोलाची माहिती कोणती? या कामाचे दाखले रेडिओलॉजीबाहेर, दृष्टी आणि अवधानाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञही देतात. काम दुसऱ्या विद्याशाखेच्या उपयोगी पडलं, हे अशा वेळी सायटेशनमधून नीट दिसतं आणि तिथे मी या आकड्यांना मान देतो.

याउलट ऑस्ट्रेलियातले रेडिओलॉजिस्ट फ्रँक गेलार्ड यांनी २००५ मध्ये सुरू केलेला ‘रेडिओपीडिया’ बघा. सर्वांना मोफत खुला असलेला केसेसचा आणि लेखांचा हा साठा रेसिडेंट रात्रीच्या ड्यूटीवर मोबाइलवर उघडतात आणि समोरच्या स्कॅनशी ताडून बघतात. त्या उघडण्याची एच-इंडेक्समध्ये कुठेच नोंद होत नाही.

२०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्यानं बजावलं, की संशोधकाचं मोल जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावरून, ठरवू नका. मग शिक्षकाचं मोजायचं कशावरून? एक साधी रीत आहे. शिकवण्याआधी रेसिडेंटना फिल्मचा एक संच वाचायला द्यायचा. शिकवून झाल्यावर, आणि पुन्हा सहा महिन्यांनी, तितकाच अवघड दुसरा संच द्यायचा. किती विकृती सापडल्या आणि किती निरोगी छात्या उगाच आजारी ठरवल्या, हे दोन्ही मोजायचं. याला वेळ लागतो, निरनिराळ्या कॉलेजांचं सहकार्य लागतं. पण बढतीच्या अर्जात एच-इंडेक्सच्या रकान्याशेजारी हे दोन आकडे आले, तर निवड समितीला त्या शिक्षकाच्या वर्गात काय घडतं ते प्रथमच दिसेल.