रोजच्या जगण्याचे फोटो: खिशातला कॅमेरा आला कुठून

२०१६ च्या जूनमध्ये कोलकात्याचा बोर्न अँड शेफर्ड हा फोटो स्टुडिओ कायमचा बंद झाला. दीडशे वर्षांहून जुना हा स्टुडिओ. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओची सेवा सुरू झाली आणि पुढचे काही महिने लोकांना मोबाइल इंटरनेट फुकट मिळालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण आपण आज चहाच्या कपापासून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापर्यंत दिसेल त्याचा फोटो फोनने काढतो, त्यामागचा इतिहास या दोन टोकांच्या मध्ये आहे. तो बहुतेक वेळा मेगापिक्सेलच्या आकड्यांत सांगितला जातो. मला त्यात खर्चाचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: एक फोटो वाया गेला तर काय जातं?

या स्टुडिओचा एक संस्थापक सॅम्युअल बोर्न १८६० च्या दशकात हिमालयात फोटो काढत फिरला, तेव्हा सामान वाहायला डझनावारी हमाल बरोबर असत. त्या काळच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत तंबूतल्या अंधारात धुवायची. काचा, बाटल्या, पाणी, तंबू असा सगळा संसार डोंगर चढायचा. मुंबईतही ही विद्या लवकर पोचली होती. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. म्हणजे कॅमेरा आपल्याकडे नुसता साहेबाच्या हातात नव्हता. पण ज्याच्या हातात तो होता, तो माणूस शिकलेला आणि पैसेवाला असे.

साधी माणसं त्या फोटोंमध्ये दिसतात, पण नमुना म्हणून. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड छापले. त्यात देशभरातल्या जातीजमातींची माणसं आहेत. बहुतेकांच्या फोटोखाली नाव नाही, जातीची ओळख आहे. आपला फोटो कसा निघावा हे ठरवणं त्या माणसांच्या हाती नव्हतं. फोनच्या कॅमेऱ्याने काय बदललं, हे समजायला हे खंड डोळ्यांपुढे ठेवावेत.

जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आणला. आत शंभर फोटोंचा रोल भरलेला असे. तो संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १९०० मध्ये कोडॅकचाच एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि अमेरिकेत, युरोपात सहलीचे फोटो घरोघरी निघू लागले. आपल्याकडे हे दिवस यायला बराच वेळ लागला. अनेक मध्यमवर्गीय मराठी घरांत पहिला कॅमेरा शिरला तो बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. रोलवर बारा फोटो. नंतर पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस, आणि रोल नीट लावला तर वर एखादा जास्तीचा.

त्या बारा किंवा छत्तीस फोटोंनी घराघरात एक शिस्त लावली होती. बारसं, मुंज, लग्न, मुलाचा पहिला वाढदिवस, महाबळेश्वरची किंवा वेरूळ-अजिंठ्याची सहल, एवढ्यांसाठीच रोल. रोल अर्धा उरला तर पुढच्या कार्यापर्यंत कॅमेऱ्यातच पडून राहायचा. मग तो धुवायला टाकायचा, आणि प्रिंट हातात आल्यावर कळायचं की कुणाचं डोकं कापलंय, कुणी डोळे मिटलेत. म्हणून जुन्या अल्बममध्ये सगळे ताठ उभे असतात. चुलीसमोर भाकऱ्या थापणारी आजी त्यात नाही, अंगणात सायकलची चेन बसवणारे वडील नाहीत, दुपारची झोपलेली गल्ली नाही. कोणी तसा फोटो काढायला गेलंच, तर ‘रोल कशाला वाया घालवतोस?’ हे ऐकावं लागे. आपल्या दोन-तीन पिढ्यांचं रोजचं जगणं अशा रीतीने फोटोबाहेर राहिलं, याची मला फार हळहळ वाटते.

रोलपासून सुटका करणारी कल्पना कोडॅकमध्येच जन्मली. १९७५ साली तिथल्या स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, आणि एक काळापांढरा फोटो कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद. फोनसाठी लागणारा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, मात्र अवकाश संशोधनातून आला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि त्याचे सहकारी यानांवरचे कॅमेरे लहान करायच्या मागे होते. त्यांनी विकसित केलेल्या सीमॉस सेन्सरला वीज कमी लागे आणि तो इतर चिपांसारखाच कारखान्यात बनवता येई. पुढे फोनमध्ये बसला तो याच घराण्यातला सेन्सर.

राहिलं होतं ते कॅमेरा आणि फोन एकत्र आणणं. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियात फिलिप कान या उद्योजकाने प्रसूतिगृहात बसून डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांना जोडले आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा फोटो दोन हजारांहून जास्त ओळखीच्यांना पाठवला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा दिवस हा. फोटो काढणं आणि दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्या दिवशी त्या एक झाल्या. २००० साली जपानमध्ये शार्पचा कॅमेरा असलेला फोन आला, २००२ मध्ये नोकिया ७६५०. २००७ मध्ये आयफोन, २०१० मध्ये इन्स्टाग्राम. हे टप्पे बहुतेकांना ठाऊक आहेत.

त्याहून कमी बोललं जातं ते फोनमधल्या आकडेमोडीबद्दल. २०१० च्या सुमाराच्या चांगल्या फोनचा सेन्सर मोठ्या फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या (पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरच्या पन्नासाव्या हिश्श्याहून लहान होता. इतक्या छोट्या जागेवर प्रकाश थोडा पडतो, म्हणून संध्याकाळचे फोटो दाणेदार, मातकट यायचे. उपाय भिंगात सापडला नाही, गणितात सापडला. बटण एकदा दाबलं तरी फोन झटपट अनेक फोटो घेतो, ते एकमेकांवर नेमके बसवतो आणि त्यांची सरासरी काढून दाणे घालवतो. गुगलच्या फोनमध्ये हे तंत्र २०१३-१४ च्या सुमारास आलं, आणि २०१८ मध्ये त्याच वाटेने अंधारात फोटो काढायची सोय झाली. देवघरातल्या समईच्या उजेडात आज घरच्यांचे चेहरे नीट येतात ते यामुळे.

आणि मग २०१६. स्वस्त फोन आधीपासून होते; फोटो पाठवणं जवळजवळ फुकट झालं ते जिओ आल्यावर. वारीतला माणूस मुक्कामावरून घरी फोटो धाडू लागला. शेतकरी पानावरचा रोग फोटोतून दुकानदाराला दाखवून औषध विचारू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली: शेतात उभं राहून शेतकऱ्याने स्वतः पिकाचा फोटो काढायचा, फोटोबरोबर जागा नोंदली जाते, आणि त्यावरून सातबाऱ्यावर पीक लागतं. रेंज नसलेल्या शिवारात याचा मनस्ताप होतो, हे खरंच. तरीही ज्याची फक्त नोंद घेतली जायची, तो माणूस स्वतःच्या हाताने फोटो काढून नोंद करतो आहे, हे मला मोलाचं वाटतं.

या सोयीची दुसरी बाजूही आहे. २०१६ च्याच जानेवारीत वांद्र्याच्या बँडस्टँडवर सेल्फी काढताना मुली समुद्रात पडल्या. त्यांतली एक आणि त्यांना वाचवायला उडी घेतलेला एक माणूस, दोघेही गेले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी शहरात सेल्फीसाठी धोक्याच्या सोळा जागा निश्चित केल्या. ओल्या काचेच्या काळात कड्यावर उभं राहणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ मिळायचा. आता तो उरलेला नाही.

रोलचा खर्च गेला, पण साठवणीचा आला. गुगल फोटोजवर २०१५ पासून फोटो अमर्याद आणि फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ही सोय थांबली. दुसरं नुकसान तर सहज लक्षातही येत नाही. मूळ फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि परवानगी दिली असेल तर जागाही लिहिलेली असते. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून हा मजकूर गळतो आणि फोटोही आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दोन्ही टिकतं. जुन्या प्रिंटच्या पाठीवर निदान कुणीतरी पेनने ‘माथेरान, मे १९८३’ असं लिहून ठेवायचं. आज अनेक घरांत सहलीचे फोटो फक्त फॉरवर्ड होऊन आलेले आहेत, आणि मूळ फाइल ज्या फोनमध्ये होती तो फोन विकून झाला आहे.